बोगदा पक्का झाला, पण किल्ल्या कोणाकडे?

विद्यार्थी मित्रांनो, 'व्हीपीएन' हा शब्द तुम्ही नक्कीच ऐकला असेल. मोबाइलवर त्याच्या जाहिराती येतात. मित्रमंडळींत कोणीतरी तो वापरत असतो आणि आता इंटरनेटवर मला कोणी ओळखूच शकत नाही, असे ऐटीत सांगत असतो. गोष्टीतल्या राजपुत्राला डोक्यावर घालताच अदृश्य करणारी टोपी मिळते ना, तशीच काहीशी ही वस्तू असावी, असा समज त्यामुळे पसरला आहे.

हा समज चुकीचा आहे, आणि लहान व्यापाऱ्याला तर तो फार महागात पडू शकतो. माझे मत सुरुवातीलाच सांगून टाकतो. व्हीपीएन ही टोपी नव्हे, तो बोगदा आहे. बोगद्याच्या भिंती गणिताने बांधलेल्या असतात आणि आज त्या पुरेशा भक्कम आहेत. परंतु बोगद्याला दोन तोंडे असतात, आणि तिथला पहारा माणसांनाच ठेवावा लागतो. म्हणून राउटरवर व्हीपीएन बसवणे हे निम्मेच काम. त्याच्या किल्ल्यांचा हिशोब ठेवणे हे उरलेले निम्मे. पहिले काम पैसे टाकून करून घेता येते, दुसरे बहुधा तसेच राहून जाते. ते कसे करावे हे शाळेतच शिकवले पाहिजे, असे मला आग्रहाने म्हणायचे आहे.

शाळेतच का? याचे कारण उघड आहे. घरच्या दुकानात, काकांच्या वर्कशॉपमध्ये किंवा मामांच्या दवाखान्यात नवा राउटर आला, की "तुला संगणकातले कळते ना, मग बघ जरा" असे म्हणून ते काम तुमच्याच गळ्यात पडते. तेव्हा आपण नेमके काय करीत आहोत, हे कळलेले बरे.

पोस्टकार्ड आणि लखोटा

समजा, द्राक्षांचा व्यापार करणारी एक लहान पेढी आहे. तिची कचेरी नाशिकला आणि गोदाम पिंपळगाव बसवंतला. हिशोबाचा संगणक कचेरीत आहे. शेतकऱ्यांची देणी, मजुरांचे पगार, गिऱ्हाइकांचे फोन क्रमांक, सारे त्यात आहे. गोदामातल्या कारकुनाला रोज आलेल्या-गेलेल्या पेट्यांची नोंद त्याच संगणकात करायची आहे. दोन्ही ठिकाणी एकेक राउटर आहे. राउटर म्हणजे जाळ्याच्या वेशीवरचे टपालघर. आतल्या संगणकांचे टपाल तो बाहेर धाडतो आणि बाहेरून आलेले ज्याचे त्याला पोहोचवतो.

आता अडचण पाहा. कचेरीतल्या संगणकाचा पत्ता असतो १९२.१६८.१.१० यासारखा. १९२.१६८ ने सुरू होणारे असे ६५,५३६ पत्ते खाजगी वापरासाठी राखून ठेवलेले आहेत; त्याचा नियम १९९६ साली ठरला. हे पत्ते वाड्यातल्या खोल्यांच्या क्रमांकांसारखे असतात. कोणीही ते आपल्या वाड्यात वापरावेत, पण भर रस्त्यावर 'खोली क्रमांक १०' एवढेच विचारले तर पोस्टमन काय करणार? तशा खोल्या लाखो वाड्यांत आहेत.

व्हीपीएन ही अडचण मोठ्या युक्तीने सोडवते. इंटरनेटवर माहिती लहान लहान पाकिटांच्या रूपाने जाते. गोदामाचा राउटर नाशिकच्या खोली क्रमांक १० साठी निघालेले पाकीट पत्त्यासकट सांकेतिक लिपीत बदलतो, नव्या लखोट्यात घालतो आणि वर फक्त नाशिकच्या राउटरचा सार्वजनिक पत्ता लिहितो. नाशिकचा राउटर लखोटा फोडतो, सांकेतिक लिपी उलगडतो आणि आतले पाकीट खोली क्रमांक १० कडे पोहोचवतो. दोन्हीकडच्या संगणकांना आपण एकाच इमारतीत आहोत असे वाटते. यालाच बोगदा म्हणतात. साधे पाकीट हे पोस्टकार्डासारखे असते, वाटेत कोणीही वाचावे. लखोट्याचे तसे नाही.

येथे एक खुलासा करायला हवा. बँकेची किंवा सरकारी कामाची संकेतस्थळे आज स्वतःच आपले टपाल बंद लखोट्यात पाठवतात. त्यांच्यासाठी बोगद्याची फारशी गरज नसते. परंतु कचेरीतली फाइलींची देवाणघेवाण, प्रिंटर, दारावरचे कॅमेरे, जुन्या हिशोबाच्या आज्ञावल्या यांचा मात्र तसा भरवसा देता येत नाही. ही मंडळी चार भिंतींच्या आत राहायची म्हणूनच बनवलेली असतात. त्यांना रस्त्यावर आणायचे असेल, तर बोगद्यातूनच आणले पाहिजे.

आणि लखोटा म्हणजे अदृश्यता नव्हे, हेही ध्यानात घ्या. वाटेवरच्या माणसाला पत्राचा मजकूर दिसत नाही. पण कोणत्या राउटरकडून कोणत्या राउटरकडे, केव्हा आणि किती टपाल गेले, हे त्याला दिसतेच.

'आपल्याला कोण विचारतो?'

बोगद्याचा खटाटोप टाळण्यासाठी अनेकजण एक आडवाट काढतात. राउटरमध्ये एक दार उघडतात आणि बाहेरून येणारे टपाल सरळ हिशोबाच्या संगणकाकडे वळवतात. विंडोज संगणक दुरून चालवण्यासाठी वापरायचे दार ठरलेले आहे, त्याचा क्रमांक ३३८९. दार उघडले की काम लगेच सुरू होते, त्यामुळे सगळे खूश! धोका सांगायला जावे, तर उत्तर येते, "आपली पेढी ती केवढी? आपल्याला कोण विचारतो?"

या उत्तरात विज्ञानाची चूक आहे. जुन्या पद्धतीच्या इंटरनेट पत्त्यांची एकूण संख्या २ चा ३२ वा घात, म्हणजे ४,२९,४९,६७,२९६ इतकीच आहे. संख्या मोठी वाटते खरी. पण २०१३ साली अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांनी 'झेडमॅप' नावाची आज्ञावली तयार केली. वेगवान जोडणी असलेला एकच संगणक घेऊन ती जगातल्या सर्व सार्वजनिक पत्त्यांवर ठरावीक क्रमांकाचे दार उघडे आहे का, हे ४५ मिनिटांच्या आत ठोठावून पाहते. म्हणजे शाळेचा एक तास संपायच्या सुमारास नाशिकच्या पेढीचे दारही ठोठावून झालेले असते! चोर तुमचे नाव विचारीत येत नाही, तो ओळीने सगळी दारे ढकलून बघतो.

गणित गुपित देते, ओळख देत नाही

आता भिंतींकडे वळू. दोन राउटर कधी भेटलेले नाहीत, मधला रस्ता उघडा आहे. मग सांकेतिक लिपीची किल्ली ते ठरवतात तरी कशी? या प्रश्नाचे सुंदर उत्तर १९७६ साली व्हिटफील्ड डिफी आणि मार्टिन हेलमन या दोघांनी प्रसिद्ध केले. कागद-पेन्सिल घ्या आणि स्वतःच करून पाहा.

दोन संख्या उघडपणे ठरवू, ३ आणि १७. गोदामाचा राउटर मनात ६ धरतो. ३ चा ६ वा घात ७२९. त्याला १७ ने भागून बाकी १५ उरते. ही १५ तो उघड रस्त्याने पाठवतो. कचेरीचा राउटर मनात ७ धरतो. ३ चा ७ वा घात २,१८७. १७ ने भागून बाकी ११. ही ११ तो पाठवतो. आता गोदामवाला आलेल्या ११ चा ६ वा घात करतो, १७,७१,५६१. त्याला १७ ने भागल्यावर बाकी ८. कचेरीवाला आलेल्या १५ चा ७ वा घात करतो, १७,०८,५९,३७५. त्याचीही बाकी ८! दोघांनाही ८ मिळाले, आणि ८ हा आकडा रस्त्यावरून गेलाच नाही. चोरट्याने ३, १७, १५ आणि ११ हे सर्व आकडे ऐकले, तरी मनात धरलेले ६ आणि ७ त्याला ठाऊक नाहीत.

१७ ऐवजी सहाशेहून अधिक अंकांची मूळ संख्या घेतली, तर बाकीवरून घात शोधणे आजच्या कोणत्याही संगणकाच्या आवाक्याबाहेर जाते. उद्या मोठे क्वांटम संगणक तयार झाले, तर मात्र हे गणित सुटेल. म्हणून नव्या पद्धतींचा शोध चालू आहे, आणि अमेरिकेच्या मानक संस्थेने २०२४ साली अशा नव्या पद्धतींची पहिली मानके जाहीरही केली आहेत.

पण थांबा. या खेळात एक उणीव आहे. गोदामवाल्याला ११ हा आकडा मिळाला खरा. तो कचेरीनेच पाठवला हे कशावरून? मध्येच एखादा लबाड बसला आणि त्याने गोदामाशी कचेरी म्हणून व कचेरीशी गोदाम म्हणून असा दुहेरी खेळ मांडला, तर? दोन्हीकडे किल्ल्या तयार होतील, लखोटेही बंद होतील, पण प्रत्येक लखोटा हा लबाड मध्ये फोडून वाचेल. गणिताने आपल्याला कोणाशी तरी गुपित जुळवून दिले. तो कोण, हे सांगितले नाही. म्हणूनच प्रत्येक व्हीपीएनमध्ये ओळख पटवण्यासाठी आणखी काहीतरी आधीच दिलेले असावे लागते. ते दोघांना ठाऊक असलेले गुप्त शब्द असतील, प्रमाणपत्र असेल किंवा प्रत्येक यंत्राची स्वतःची किल्ली असेल. ते कोणाला द्यायचे, कोणाकडून परत घ्यायचे, हे कोणतेही समीकरण ठरवू शकत नाही. ते मालकाने ठरवायचे असते.

जुनी भिंत आणि विसरलेली किल्ली

भिंती पुरेशा भक्कम आहेत असे मी म्हटले, ते आजच्या पद्धतींबद्दल. राउटरच्या यादीत 'पीपीटीपी' ही जुनी पद्धत अजूनही कधी कधी आढळते. ती बसवायला सोपी, म्हणून मोह होतो. परंतु २०१२ साली संशोधकांनी दाखवून दिले, की तिच्यात सहसा वापरली जाणारी ओळख पटवण्याची रीत मोडण्याचे काम ५६ बिटांची एकच किल्ली शोधण्याइतके उरते. अशा किल्ल्या होतात सुमारे ७२ वर १५ शून्ये इतक्या. खास यंत्राने त्या सगळ्या एका दिवसाच्या आत तपासून होतात. एक बिट वाढला की काम दुप्पट होते. त्यामुळे २५६ बिटांच्या किल्लीसाठी त्याच यंत्राला २ चा २०० वा घात इतके दिवस लागतील. विश्वाचे वय अंदाजे १३.८ अब्ज वर्षे, म्हणजे सुमारे ५ वर १२ शून्ये इतके दिवस. २ चा २०० वा घात लिहायला मात्र ६१ अंक लागतात! तेव्हा पीपीटीपी दिसली की ती बंद करावी आणि आयपीसेक, ओपनव्हीपीएन किंवा वायरगार्ड यांपैकी राउटरला जमेल ती घ्यावी.

भिंत भक्कम असूनही काय होऊ शकते, याचे उदाहरण अमेरिकेत घडले. ह्यूस्टनपासून न्यू यॉर्कच्या बंदराकडे पेट्रोल, डिझेल नेणारी कलोनियल कंपनीची नलिका सुमारे ८,८५० किलोमीटर लांबीची आहे. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याला लागणाऱ्या इंधनापैकी जवळजवळ ४५ टक्के इंधन तिच्यातून जाते. ७ मे २०२१ रोजी ती बंद ठेवावी लागली. पेट्रोलपंपांवर रांगा लागल्या. संगणक ओलीस धरणाऱ्यांना कंपनीने ७५ बिटकॉइन, म्हणजे तेव्हाचे सुमारे ४४ लाख डॉलर दिले. त्यातला बराचसा भाग तपासयंत्रणेने पुढे परत मिळवला. चोर आत आले कोठून? कंपनीच्या प्रमुखांनी जूनमध्ये सिनेटपुढे सांगितले, की व्हीपीएनचे एक जुने, वापरात नसायला हवे असे खाते तसेच राहून गेले होते. त्याला केवळ पासवर्ड होता, ओळखीची दुसरी खूण नव्हती.

म्हणजे बोगद्याची भिंत कोणी फोडलीच नाही. चोर किल्ली घेऊन दारातून आला! एवढ्या मोठ्या कंपनीत जे घडले, ते कारकून नोकरी सोडून गेल्यावरही त्याचा पासवर्ड तसाच चालू ठेवणाऱ्या पेढीत घडणार नाही, असे कोण म्हणेल?

राउटरपुढे बसल्यावर

हे ध्यानात ठेवून आता आपल्या पेढीचा बोगदा बांधू. राउटरगणिक पडद्यावरची बटणे वेगळी असतात, पण विचार तोच.

पहिली गोष्ट, कारखान्यातून आलेला पासवर्ड बदला आणि राउटरची आतली आज्ञावली अद्ययावत करा. पहारेकरीच फितूर असेल, तर बोगद्याचा काय उपयोग?

दुसरी, दोन्ही जाळ्यांतले पत्ते वेगळे ठेवा. कचेरीत १९२.१६८.१ आणि गोदामातही १९२.१६८.१ असेल, तर गोदामातला संगणक समजतो, की खोली क्रमांक १० आपल्याच वाड्यात आहे. आणि पाकीट बोगद्याकडे जातच नाही. कारखान्यातून राउटर ठरावीक पत्तेच घेऊन येतात, त्यामुळे हा घोटाळा हटकून होतो. गोदामाला १९२.१६८.२० द्या, काम झाले.

तिसरी, दोन्हींपैकी निदान एका राउटरला स्वतःचा सार्वजनिक पत्ता आहे का ते पाहा. पत्त्यांची टंचाई असल्याने मोबाइल कंपन्या आणि काही ब्रॉडबँड कंपन्या अनेक ग्राहकांत एकच सार्वजनिक पत्ता वाटून देतात. राउटरचा बाहेरचा पत्ता १०० ने सुरू होत असेल आणि दुसरा आकडा ६४ ते १२७ यांमधला असेल, तर तो असा वाटणीतला पत्ता समजा. अशा राउटरला बाहेरून कोणी हाक मारू शकत नाही. पण तो स्वतः दुसऱ्याला हाक मारू शकतो. म्हणून बोगद्याची सुरुवात त्याच्याकडून करावी.

चौथी, बोगद्यातून आलेल्याला सारा वाडा मोकळा सोडू नका. गोदामाच्या कारकुनाला हिशोबाचा संगणक हवा, कॅमेरे नकोत. तेवढीच वाट उघडा.

पाचवी आणि सर्वांत महत्त्वाची, प्रत्येक यंत्राला आणि प्रत्येक माणसाला वेगळी किल्ली द्या. सर्वांना मिळून एकच गुप्त शब्द दिला, तर एकजण सोडून गेल्यावर सर्वांचा बदलावा लागतो, आणि म्हणून तो कधीच बदलला जात नाही. वायरगार्डमध्ये प्रत्येक यंत्राच्या दोन किल्ल्या असतात. खाजगी किल्ली यंत्रातच राहते आणि उघड किल्ली राउटरच्या यादीत लिहितात. माणूस गेला, की यादीतली त्याची एक नोंद पुसायची. सोय असेल तेथे पासवर्डाच्या जोडीला दुसरी खूणही ठेवा.

आणि या किल्ल्यांची एक साधी वही घाला. किल्ली कोणाला दिली, केव्हा दिली, कशासाठी दिली आणि परत केव्हा घेतली, एवढे चार रकाने पुरेत. गुप्त किल्ली मात्र वहीत लिहायची नाही. दर तीन महिन्यांनी वही आणि राउटरमधली यादी समोरासमोर ठेवा. राउटरमध्ये आहे पण वहीत नाही असे एखादे नाव आढळले, तर ते त्याच दिवशी काढा.

काही आक्षेप

कोणी म्हणेल, "हल्ली सारे हिशोब इंटरनेटवरच्या सेवेत ठेवता येतात, मग बोगदा कशाला?" बरोबर आहे, कित्येक पेढ्यांना तेच सोयीचे पडेल. पण तेथेही खाती आणि पासवर्ड असतातच. वही चुकत नाही.

दुसरा म्हणेल, "हे तज्ज्ञांचे काम आहे." बोगदा बांधणे तज्ज्ञांकडे जरूर सोपवा. परंतु कारकून नोकरी सोडून गेला, हे त्या तज्ज्ञाला कोण सांगणार?

तिसरा मोबाइलवरची फुकट व्हीपीएन दाखवील. तिचा बोगदा तुमच्या मोबाइलपासून सुरू होतो आणि एका परक्या कंपनीच्या संगणकापाशी संपतो. विश्वास नाहीसा झाला नाही. तो इंटरनेट पुरवणाऱ्याकडून काढून या कंपनीवर ठेवला, इतकेच. पेढीच्या बोगद्याची दोन्ही तोंडे आपली असतात. सरकारही या दोहोंत भेद करते. सर्ट-इन या सरकारी संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी व्हीपीएन सेवा विकणाऱ्यांना ग्राहकांची माहिती ५ वर्षे जपण्याचा आदेश दिला; कंपन्यांच्या अंतर्गत व्हीपीएनला मात्र तो लागू नाही, असा खुलासाही केला.

शिक्षक बंधुभगिनींना माझी एक विनंती आहे. बाकीचा तो खेळ गणिताच्या तासाला जरूर घ्या. मुलांना तो आवडेल. पण त्याच आठवड्यात शाळेच्या संगणक-प्रयोगशाळेची किल्ल्यांची वहीही मुलांकडूनच घालून घ्या. प्रयोगशाळेत आम्लाच्या बाटलीवर चिठ्ठी लावल्याशिवाय आपण ती फळीवर ठेवत नाही. मग ज्या किल्लीने साऱ्या शाळेची माहिती उघडते, तिच्यावर नावाची चिठ्ठी नको का?

आणि विद्यार्थी मित्रांनो, पुढच्या वेळी "बघ जरा" म्हणून राउटर तुमच्यापुढे येईल, तेव्हा बटणाला हात लावण्यापूर्वी एकच प्रश्न विचारा: आजमितीला आत येण्याची किल्ली कोणाकोणाकडे आहे? उत्तर मिळाले नाही, तर राउटर बाजूला ठेवा आणि आधी वही उघडा.